साखळीवरचा शेफर्ड घरात आणताना

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीवाडीत अंगण असलेलं बैठं घर, वर गच्ची आणि एक खोली. नवरा-बायको दोघंही नोकरीला, नऊ वर्षांची मुलगी, आणि काठी घेऊन चालणाऱ्या सत्तरीपुढच्या आजी. तासगावकडच्या एका पोल्ट्रीवर दोन वर्षं साखळीला बांधलेला जर्मन शेफर्ड नर सध्या प्राणी वाचवणाऱ्या एका कार्यकर्त्याकडे फोस्टरला, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, आहे. वय अंदाजे चार, वजन ३६ किलो. घ्यावा का, आणि घेतला तर सुरुवात कशी करायची?

घ्या, पण आधी तीन आठवड्यांच्या बोलीवर. कायमचा कागद त्यानंतर करा. बहुतेक कार्यकर्ते या अटीला तयार होतात. जो तयार होत नाही आणि ‘उद्याच घेऊन जा’ म्हणतो, त्याच्याकडे असं काय आहे जे तो सांगत नाही, हे आधी शोधा.

मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत सगळे स्वभावाची चौकशी आधी करतात. तुम्ही आधी वजनाची करा. चिडका पॉमेरेनियन घरात वर्षानुवर्षं खपून जातो. ३६ किलोचा प्रेमळ शेफर्ड मात्र नुसता आनंदाने अंगावर आला तरी आजींचा खुबा मोडू शकतो. खाणं वजनावर, जंताची गोळी वजनावर, भुलीचं इंजेक्शन वजनावर. बिलही त्याच हिशेबाने येतं. त्यामुळे स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न असा: समोरून मांजर पळालं तर दोर हातात धरून उभं राहू शकेल असं घरात कोण आहे? उत्तर एकच माणूस असेल आणि तो सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बाहेर असेल, तर बाकीच्या वेळात कुत्र्याला फाटकाबाहेर न्यायचंच नाही, हा घराचा नियम ठरतो. दुसरा प्रश्न: हा कुत्रा आजारी पडून आडवा झाला तर गाडीत कसा घालणार? जाड चादरीची झोळी करून दोघांनी उचलावं लागतं. ती दोन माणसं कोण, त्यातला शेजारी कोण, हे आजच ठरवा.

आणि आजींना विचारा. ‘आई काही म्हणायच्या नाहीत’ हे उत्तर चालत नाही. दिवसभर कुत्र्याबरोबर घरात राहणार त्या आहेत. त्यांना भीती वाटत असेल तर इथेच थांबा, लहान चणीचा कुत्रा बघा.

भेट एकदा नको, तीनदा हवी, आणि वेगवेगळ्या वेळी. पहिल्या भेटीत वीसेक फुटांवर, त्याच्याकडे थोडा कडेने, बसून राहा. हात पुढे करून हुंगायला देऊ नका. साखळीच्या कुत्र्याकडे पुढे आलेला हात बहुतेकदा मारायलाच आलेला असतो. त्याचं अंग सैल आहे की ताठ, ते बघा. शेपूट हलते म्हणजे खूश, हा समज काढून टाका. उंच, ताठ धरलेली आणि बारीक थरथरणारी शेपूट हा इशारा असतो. जांभया, सारखे ओठ चाटणं, मान न वळवता तिरकं बघताना डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं हे ताणाचं लक्षण. सगळ्यात गंभीर म्हणजे गोठून जाणं: हालचाल थांबते, तोंड मिटतं, श्वास रोखल्यासारखा होतो. त्याच्या पुढची पायरी दात असते.

दुसऱ्या भेटीत खाणं बघा. फोस्टरवाल्यांना ताट ठेवायला सांगा आणि तुम्ही दहा फुटांवरून शांतपणे चालत जा, मग सहा फुटांवरून. तो खातच राहिला तर उत्तम. खाण्याचा वेग वाढला, अंग ताठ झालं तर नोंद घ्या. गुरगुरला तर मागे या, ओरडू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली माहिती आहे. ती मारून बंद केली की पुढच्या वेळी माहिती न देता तो थेट चावतो. ताटात हात घालून ‘सवय करण्याचा’ जुना प्रकार मुळीच करू नका. हे सगळं चार वर्षांच्या गल्लीतल्या कुत्र्यातही दिसतं आणि शिकवून बरंच कमी करता येतं. पण ज्या घरात नऊ वर्षांची मुलगी आहे तिथे ताटाजवळ गोठून जाणारा ३६ किलोचा कुत्रा माझ्या मते घेऊ नये.

त्याच भेटीत एका मोठ्या माणसाला काठी टेकत वीस फुटांवरून चालू द्या. पोल्ट्रीवरच्या कुत्र्याने काठी खाल्लेली असण्याची शक्यता दाट आहे. तो दचकून मागे सरकला तर ते दुरुस्त होण्यासारखं आहे. काठीवर झेपावला तर आजींच्या घरात तो नको. सायकल, स्कूटी, पळणारं मूल, जमलं तर मांजर हेही दुरून दाखवा. कोंबड्यांची त्याला सवय असेल, त्यावरून शेळ्या-मांजरांची असेल असं धरू नका.

मुलीला तिसऱ्या भेटीत न्या, आणि जाण्याआधी तिला एक शब्द घरातून हद्दपार करायला सांगा: ‘छू’. राखणीच्या कुत्र्याला आपल्याकडे याच शब्दावर माणसांच्या अंगावर सोडतात, आणि मुलं तो खेळताना सहज वापरतात. ‘हाड’ही नको. तो शब्द त्याने दगडाबरोबर ऐकलेला असतो. त्याचं जुनं नाव त्याच आवाजात पुकारलं गेलं असेल तर नावही बदला. नवं नाव आणि उकडलेल्या कोंबडीचा तुकडा, असं दिवसातून वीस वेळा केलं की चार दिवसांत तो मान वळवतो.

फोस्टरवाल्यांना ‘चावतो का’ असं विचारू नका, ‘नाही’ एवढंच ऐकाल. ‘शेवटचा कधी गुरगुरला, कोणावर, तेव्हा काय चाललं होतं’ असं विचारा. चावला असेल तर कातडी फाटली का, एकदा पकडून सोडलं की धरून झटकलं, हे विचारा. एकदा दात लावून मागे होणारा कुत्रा आणि धरून झटके देणारा कुत्रा यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारच्या कुत्र्याला अनुभवी, मूल नसलेलं घर लागतं. गेल्या सहा महिन्यांत त्याला दुसरा कुत्रा चावला होता का, हेही विचारा. रेबीजची लक्षणं दिसायला आठवडे ते महिने लागतात.

आता तब्येत. आणण्याआधी, फोस्टरकडे असतानाच करून घ्यायच्या गोष्टी या आहेत.

वजन अंदाजाने धरू नका. धान्याच्या दुकानातल्या प्लॅटफॉर्म काट्यावर कुत्रा सरळ उभा राहतो, तिथे करा. मग रक्ततपासणी: पूर्ण रक्तगणना, प्लेटलेट, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, आणि काचपट्टीवर रक्त घेऊन गोचीडतापाचे जंतू. आपल्याकडे उसाच्या आणि गोठ्यांच्या परिसरात राहिलेल्या कुत्र्यात एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन सर्रास सापडतात. एर्लिकियात प्लेटलेट घसरतात, नाकातून रक्त येऊ शकतं. बबेसियात लघवी काळ्या चहासारखी होते, हिरड्या पांढऱ्या पडतात. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस देतात, आणि गडबड इथेच होते: आठव्या दिवशी कुत्रा खायला लागतो, घरचे औषध थांबवतात, दोन महिन्यांनी ताप परत येतो. कोर्स पुरा करा. गोळी नेहमी खाण्याबरोबर द्या, उपाशीपोटी घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम होते.

गोचिडांसाठी जनावरांच्या डॉक्टरांकडचं आयव्हरमेक्टिन किंवा गोठ्यात फवारायचं औषध कुत्र्यावर वापरणं ही गावाकडची जुनी चाल आहे. शेफर्डमध्ये काहींना आयव्हरमेक्टिनची मात्रा न झेपण्याचा जनुकीय दोष असतो. मग लाळ गळणं, झोकांड्या, आंधळेपणा, बेशुद्धी. कुत्र्यांसाठीची तोंडावाटे द्यायची गोळी वापरा, ती वजनाच्या गटांत येते आणि बऱ्याच कंपन्यांमध्ये २० ते ४० किलो हा एक गट असतो. पूर्वी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळीने अंगावरचे गोचीड मरतात, भिंतीच्या फटीतले मरत नाहीत. एक मादी हजारो अंडी घालते, म्हणून अंगणातल्या फटी सिमेंटने बुजवा आणि निदान तीन महिने सलग उपचार ठेवा.

जंताच्या बऱ्याच गोळ्या दहा किलोला एक या हिशेबाच्या असतात. म्हणजे याला साडेतीन ते चार, डॉक्टरांनी नेमकं वजन बघून सांगितलेल्या. एकच दिली की जंत मरत नाहीत आणि ‘औषध दिलं होतं’ हा भ्रम राहतो. लसीचं पुस्तक नसेल तर लस झालेली नाही असं धरा: रेबीज, आणि लेप्टोस्पायरोसिस असलेली संयुक्त लस. संयुक्त लसीचा दुसरा डोस तीन-चार आठवड्यांनी. सांगलीवाडीत लेप्टो वगळलेली लस घेऊ नका. पुराचं पाणी ओसरल्यावर उंदरांच्या लघवीतून हा आजार पसरतो आणि माणसांनाही होतो.

शेफर्डच्या खास भानगडी दोन. एक, मागच्या पायांचे सांधे: उठताना कमरेतून हेलकावा, सशासारखी दोन्ही पायांनी उडी, जिना टाळणं. खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. दोष असला म्हणून नाकारायलाच हवं असं नाही, पण गुळगुळीत फरशीवर चटया अंथराव्या लागतील आणि वजन कायम आटोक्यात ठेवावं लागेल. दुसरी भानगड सहज निसटते. कुत्रा अधाशासारखा खातो, तरी बरगड्या दिसतात आणि शी फिकट, ढीगभर, तेलकट होते. साखळीवर उपासमार झाली म्हणून बारीक असेल, असं सगळे म्हणतात. शेफर्डमध्ये स्वादुपिंडाची पाचकद्रव्यं न बनण्याचा आजार इतर जातींपेक्षा जास्त असतो. जंत काढून, नीट खाऊ घालून महिन्यात वजन वाढलं नाही तर त्याची रक्तचाचणी करून घ्या. निदान झालं तर प्रत्येक जेवणात पाचकद्रव्याची पूड आयुष्यभर घालावी लागते, पण कुत्रा छान राहतो.

गळ्याभोवतीचे केस उचलून बघा, साखळीने कापलेल्या जागी अळ्या पडलेल्या असू शकतात. साखळी चावून सुळे झिजलेले असतात, त्यांचा लगदा उघडा पडला असेल तर ते दुखतात, आणि दुखणारा कुत्रा तोंडाला हात लावू देत नाही.

सांगलीत न होणाऱ्या तपासण्या वा शस्त्रक्रियांसाठी सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हायवेलगत. ठरवून करायच्या कामासाठी ते ठीक. रात्रीच्या तातडीसाठी नाही, त्याचं पुढे येतंच. नसबंदी पहिल्या महिन्यात करू नका. गोचीडताप आणि प्लेटलेट नीट झाल्यावर करा. नसबंदीने भटकणं, मुतून खुणा करणं कमी होतं. भीतीतून येणारं गुरगुरणं तिने जात नाही.

साहित्यात काटकसर करू नका. गळ्यात दीड इंच रुंद सपाट पट्टा, छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा), सहा फुटी जाड दोर ज्याचा हूक पितळी किंवा स्टीलचा असेल. बाजारात मिळणारे चमकदार ओतीव हूक ३६ किलोच्या एका हिसक्यात तुटतात. पहिले तीन महिने एक दोर हार्नेसला आणि एक पट्ट्याला, असे दोन लावा. मागे सरकून डोकं काढून पळणं हा या कुत्र्यांच्या हरवण्याचा नेहमीचा प्रकार आहे. दोर मनगटाला गुंडाळू नका. साखळी नकोच. तोंडाला बांधायची जाळी टोपलीच्या आकाराची घ्या, तिच्यात तो धापू शकतो आणि पाणी पिऊ शकतो. कापडी नळी तोंड मिटवून टाकते, उन्हात जीव घेते. जाळी डॉक्टरकडे जायच्या दिवशी पहिल्यांदा चढवू नका. आठवडाभर तिच्यात तळाला दही लावून चाटू द्या, मग पाच सेकंद पट्टी बांधा, मग अर्धा मिनिट, असं वाढवत न्या.

अंगणाची भिंत किमान सहा फूट. फाटकाच्या खालची फट चार इंचांपेक्षा जास्त असेल तर पत्रा मारा. फाटकाला आतून दुसरा आडोसा हवा: फाटक, चार फूट मोकळी जागा, मग कमरेइतकं लाकडी अर्धं दार. दूधवाला, पेपरवाला आल्यावर एकच दार उघडं राहील अशी ती व्यवस्था. शेफर्ड कंपाउंडच्या जाळीमागून येणाऱ्या-जाणाऱ्यावर तासन्‌तास भुंकत राहिला की ते व्यसन होतं. रस्त्याकडची जाळी हिरव्या शेडनेटने झाका, अर्धं भुंकणं तिथेच थांबतं.

आणायचा दिवस गणपतीच्या आसपास, दिवाळीत किंवा लग्नघरात धरू नका. तीन-चार दिवस दोघांपैकी एकाची रजा हवी. उन्हाळ्यात आणत असाल तर पहाटे निघा. प्रवासाआधी सहा तास खाणं बंद, पाणी चालेल. घरी आल्यावर आधी अंगणात पंधरा मिनिटं दोराने फिरवा, मुतू द्या, मग एकाच खोलीत न्या. दहा बाय दहाची खोली पुरे. जमिनीवर चार इंची फोमची गादी, वर धुता येणारं जाड कव्हर. नुसत्या फरशीवर मोठ्या कुत्र्याच्या कोपरांना गाठी येतात, साखळीच्या कुत्र्याला आधीच आलेल्या असतात. नातेवाईक, शेजारची मुलं, फोटो, ओवाळणी हे सगळं पंधरा दिवस बंद. ‘बघू तरी’ म्हणणारे फाटकाबाहेरून बघतील.

पहिले तीन दिवस तो खाणार नाही किंवा सारखा झोपेल. हा शांतपणा खरा नसतो. कुत्रा अजून गोंधळलेला असतो. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास त्याचा खरा स्वभाव वर येतो: फाटकावर भुंकतो, सोफा आपला मानतो, पाहुण्यावर गुरगुरतो. लोक म्हणतात, ‘आधी किती गरीब होता.’ म्हणूनच सुरुवातीला तीन आठवड्यांची बोली सांगितली. पूर्ण रुळायला तीन महिने धरा.

बांधून ठेवू नका, पण पहिल्या दिवसापासून मोकळाही सोडू नका. घरात तुमची नजर असताना त्याच्या हार्नेसला पाच-सहा फुटी हलका दोर लोंबता ठेवा. सोफ्यावरून उतरवायचं, दारातून मागे घ्यायचं, तर पट्ट्याला हात घालण्याऐवजी दोराचं टोक उचला. साखळीच्या कुत्र्याला मानेपाशी आलेला हात सहन होत नाही आणि घरातले बरेच चावे तिथेच होतात. नजर नसेल तेव्हा तो खोलीत, अर्ध्या दारामागे. कुत्र्याला विनाकारण दीर्घकाळ आखूड साखळीने बांधणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे, ‘राखणीला आणलाय’ म्हणून सुटका नाही.

घरात शी-शू करायची सवय चार वर्षांच्या कुत्र्यालाही लागते, त्याला आजवर घरच नव्हतं. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर वीस मिनिटांत, आणि दिवसा दर तीन तासांनी अंगणातल्या एकाच कोपऱ्यात न्या. केल्या जागीच तुकडा द्या, घरात आल्यावर नाही. आत चूक झाली तर नाक घासू नका. गुपचूप पुसा.

मुलीसाठी नियम चारच: झोपलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही, खाणाऱ्या कुत्र्याजवळ जायचं नाही, मिठी मारायची नाही, आणि तो अंगावर धावत आला तर झाडासारखं हात बांधून उभं राहायचं. पळायचं नाही, किंचाळायचं नाही. मोठं माणूस खोलीत नसताना दोघं एकत्र नकोत, तीन आठवडे काय, वर्षभर. आजींच्या वावरायच्या वाटेवर, न्हाणीघर ते देवघर, कुत्रा आडवा पडणार नाही अशी गादीची जागा निवडा. कुत्र्यावर अडखळून पडणं हाही धोकाच आहे. काठीशी त्याची ओळख करून द्यायची ती अशी: काठी भिंतीला टेकवून ठेवा, तो तिच्याकडे बघून शांत राहिला की तुकडा. दोन दिवसांनी कोणीतरी ती हातात धरून बसेल, मग उभं राहील, मग चालेल. शेवटी आजी.

दात लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. ‘घरचाच आहे, लस झालीय’ हा निर्णय डॉक्टर घेतील. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी लागते, त्याला त्या भरात सोडून देऊ नका.

खाण्याचा हिशेब. नसबंदी झालेल्या, बेताचं फिरणाऱ्या ३६ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १६०० ते १६५० किलोकॅलरी लागतात. कोरडं तयार खाणं बहुतेक १०० ग्रॅमला ३५० ते ३८० देतं, म्हणजे दिवसाला ४३० ते ४७० ग्रॅम, महिन्याला १३ ते १४ किलो. घरचं द्यायचं तर (वजनं कच्च्याची) १५० ते १७० ग्रॅम तांदूळ किंवा ज्वारीचं पीठ शिजवून, अर्धा किलो बिनहाडाची कोंबडी, दोन अंडी, दीडशे ग्रॅम भोपळा-गाजर, एक मोठा चमचा तेल. बिनहाडाच्या खाण्यात कॅल्शियम फारच कमी असतं आणि इथेच घरचं खाणं फसतं. अंड्याची कवचं उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये अगदी बारीक दळा आणि रोज एक सपाट लहान चमचा, म्हणजे पाचेक ग्रॅम, घाला. एवढ्याने सगळी जीवनसत्त्वं पुरतातच असं नाही, डॉक्टरांकडून पूरक पूड लिहून घ्या. नुसती दूध-भाकरी हा मोठ्या कुत्र्याचा आहार नाही. कुत्रा फारच खंगलेला असेल तर पहिल्या दिवशी निम्मंच द्या, चार भागांत, आणि आठवडाभरात पुऱ्यावर आणा. एकदम पोटभर घातलं तर जुलाब ठरलेले.

दोन जेवणं, कधी एक नाही. जेवणाआधी-नंतर तासभर धावपळ बंद. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट वायूने फुगून पिळा पडतो. एकाच वेळी भरपूर आणि अधाशासारखं खाणं हे त्याच्या कारणांतलं एक. अधाशी कुत्र्याला पसरट परातीत, मधे मोठा गुळगुळीत दगड ठेवून वाढा. ताट उंच स्टँडवर ठेवल्याने हा धोका टळतो या समजुतीला आधार नाही. लक्षणं: ओकारीचे उमाळे येतात पण काही पडत नाही, लाळ गळते, पोट ढोलासारखं होतं, कुत्रा बसू शकत नाही. ही काही तासांची गोष्ट असते. शिरवळ गाठायला वेळ नसतो. म्हणून रात्री पोट उघडून शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर सांगली-मिरजेत कोण, हे आणण्याआधीच तीन फोन करून विचारा आणि नंबर फाटकाच्या आत चिकटवा.

न द्यायच्या गोष्टींत आपल्या भागाची एक खास आहे: द्राक्षं आणि बेदाणा. तासगावकडे बेदाणा घरोघरी असतो, मुलं मूठभर सहज पुढे करतात. बेदाण्याने कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ल्यावर होईल हे कुत्र्यागणिक बदलतं. खाल्ला असेल तर लक्षणांची वाट न बघता तासा-दोन तासांत डॉक्टरकडे. कांदा-लसणाचा रस्सा, शिजलेली हाडं, चॉकलेट नको. रविवारच्या मटणाची हाडं आतड्यात अडकतात. ताट धुण्याआधी ती पिशवीत बांधून उंच ठेवा. द्राक्षबागेत, उसात फवारणी झाली असेल तर त्या वाटेने दोन-तीन दिवस नेऊ नका. विषबाधेत लाळ, थरथर, आकडी दिसली तर औषधाचा डबा बरोबर न्या.

शेफर्डची लव दुपदरी. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा फिरणं पहाटे साडेपाचला आणि रात्री आठनंतर. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता आली नाही तर तो रस्ता त्याच्याही पायांना गरम आहे. भादरू नका, विंचरून आतली मेलेली लव काढा. उष्माघातात शरीराचं तापमान १०४ फॅरनहाइटच्या वर जातं. नळाचं पाणी अंगावर ओता, पंखा लावा, आणि ओतता ओतताच गाडी काढा. बर्फात बुडवू नका. १०३ ला आलं की ओतणं थांबवा.

फिरायला सुरुवातीला तीच एक वाट, पंधरा मिनिटं. गल्लीतली कुत्री प्रत्येक वळणावर आपली हद्द राखतात. त्यांच्याकडे बघत उभं राहू नका, दुसऱ्या बाजूने वळा. मोठी छत्री जवळ ठेवा, अंगावर येणाऱ्या टोळीसमोर फटकन उघडली की ती थबकते. उसाच्या बांधाने पावसाळ्यात अंधारात नेऊ नका. घोणस चावली तर बहुधा तोंडावर किंवा पायावर चावते, झपाट्याने सूज येते. सर्पदंशावरचं प्रतिविष तेच जे माणसांना देतात, तुमच्या डॉक्टरांकडे ते असतं का हे आधी विचारून ठेवा. आणि वाळवा-शिराळ्याकडे शेतात घर असणारे कोणी हे वाचत असतील तर: रात्री अंगणात बांधलेला कुत्रा, कितीही मोठा असो, बिबट्यासाठी वाढलेलं ताट आहे. तो घरातच झोपला पाहिजे.

कागद फार नाहीत. दत्तकपत्र, पूर्वीच्या मालकाने कुत्रा सोडल्याची सही (पोल्ट्रीवाला सहा महिन्यांनी ‘माझा कुत्रा’ म्हणत दारात येऊ नये म्हणून), लसीचं पुस्तक, आणि जमलं नाही तर कुत्रा त्याच कार्यकर्त्याकडे परत जाईल अशी अट. महापालिकेकडे परवान्याची चौकशी करा, मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) घाला. परत द्यावा लागला तर संकोच करू नका. ‘फार्महाऊसवर सोडू’ हे मात्र करू नका, तिथे तो पुन्हा साखळीलाच जातो.

शेवटी सांगलीवाडीपुरतं. २०१९ आणि २०२१ चे पूर तुम्ही पाहिले आहेत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे आकडे सांगलीत पोराटोरांना पाठ असतात. कुत्रा असलेल्या घराने ४५ ची वाट बघायची नाही, ४० ला निघायचं. रबरी बोटीत घाबरलेला ३६ किलोचा कुत्रा कोणी घेत नाही, घेतला तर बोट डगमगते. आतापासून त्याला गाडीत स्वतःहून चढायला शिकवा: फळी तिरकी लावून, रोज दोन वेळा, वर ताटात कोंबडी. आठवडाभरात येतं. मे अखेरीला वरच्या खोलीत हवाबंद डब्यात दहा दिवसांचं खाणं, प्यायचं पाणी, टोपली-जाळी, लसीच्या पुस्तकाची प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली प्रत आणि एक जादा दोर ठेवा. कुत्र्यासह राहता येईल अशा विश्रामबाग किंवा मिरजेच्या नातेवाइकाशी बोलणं जूनच्या आधीच करून ठेवा, आणि त्यांच्या घरी कुत्र्याला एकदा नेऊन आणा.